कचेरी पडद्यावर गेली, अपंग पायरीवरच राहिला

१ जून २०२१ पासून अपंगत्वाचा दाखला केवळ ऑनलाइन पद्धतीनेच द्यावा, असा केंद्र सरकारचा दंडक आहे. त्याची अधिसूचना त्याच वर्षी ५ मे रोजी निघाली. व्यवहारात याचा अर्थ असा होतो की, आपल्याला दिसत नाही हे सरकारदरबारी सिद्ध करू इच्छिणाऱ्या माणसाने प्रथम पडद्यासमोर बसून अर्ज भरावा, छायाचित्र आणि ओळखीची कागदपत्रे जोडावीत, आणि मगच तपासणीसाठी रुग्णालयाची पायरी चढावी. या व्यवस्थेत काही विसंगती आहे, असे अधिसूचना काढणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

त्याच्या आदल्याच दिवशी, ३१ मे २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका सरकारी संकेतस्थळाविषयी काही निरीक्षणे नोंदवली होती. ते संकेतस्थळ होते लसीकरणाचे, ‘कोविन’. त्या वर्षीच्या १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या नागरिकांना लस खुली झाली, पण नोंदणी ऑनलाइनच करण्याची अट घालण्यात आली. न्यायालयाने विचारले की, दृष्टिहीन माणसाने ही नोंदणी करायची कशी? पडद्यावरील वेडीवाकडी अक्षरे ओळखून टंकण्याची जी परीक्षा असते, ज्याला कॅप्चा म्हणतात, तिला ऐकून उत्तर देण्याची सोय नव्हती. कोणत्या वयोगटासाठी, कोणती लस, विनामूल्य की पैसे देऊन, हे निवडण्याची बटणे अंधांच्या उपकरणांना नीट वाचता येत नव्हती. त्यामुळे अमुक केंद्रावर इतक्या जागा शिल्लक आहेत एवढे अंधाला समजे. त्या जागा कोणासाठी आहेत, हे समजत नसे. माऊस न वापरता केवळ कळफलकावर काम करणाऱ्यांचीही पंचाईत होती. हे चालले होते ते कोणत्या दिवसांत? दुसरी लाट राज्यात इतरत्र ओसरू लागल्यावरही सातारा, सांगली आणि कोल्हापूर येथील रुग्णसंख्या जून-जुलैपर्यंत हटत नव्हती. लसीच्या जागा सकाळी काही मिनिटांत संपत. डोळस, हातात चांगला मोबाइल असलेला, इंग्रजी वाचणारा तरुण जेथे जागा मिळवताना मेटाकुटीला येई, तेथे अंध माणसाची कथा काय असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्या वेळी ‘गैरसोय’ हा शब्द अपुरा पडला असता.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सरकारी काम ऑनलाइन गेले हेच मुळात चुकले, असा सूर पुरोगामी वर्तुळातही अधूनमधून ऐकू येतो. तो बरोबर नाही. जत तालुक्यातील माणसाला जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ९० किलोमीटर आहे. उमदीकडच्या माणसाला त्याहून कितीतरी दूर. माणमधून किंवा कोयनेच्या खोऱ्यातून साताऱ्याला येणाऱ्यांची स्थिती फार वेगळी नाही. अपंग माणूस प्रवासाला निघाला की बहुधा त्याच्यासोबत घरातले आणखी एक माणूस निघते. म्हणजे दोघांचा रोजगार बुडतो. तेथे पोहोचल्यावर डॉक्टर रजेवर, किंवा कागद अपुरा, किंवा आज अमुक प्रकारची तपासणी नाही. ज्याने ही यातायात केली आहे तो जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणार नाही. कचेरी घरी येऊ शकते, ही कल्पना ज्यांच्यासाठी सर्वांत मोलाची होती ते लोक अपंगच होते. गाऱ्हाणे आहे ते असे की, कचेरी घरोघर निघाली आणि नेमकी त्यांचीच घरे वगळून गेली.

अंध माणूस संगणक कसा वापरतो, हे पुष्कळ कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. म्हणून दोन शब्द त्याविषयी. संगणकात किंवा मोबाइलमध्ये एक प्रणाली बसवलेली असते. पडद्यावर जी अक्षरे असतील ती ही प्रणाली आवाजात वाचून दाखवते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. आजच्या साध्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही ती असते, फक्त चालू करावी लागते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ च्या सुमारास ती उभी केली. कारण बाजारातील प्रणालीची किंमत सामान्य अंध माणसाला परवडणारी नव्हती. तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे, जगभरचे लोक तिच्यात भर घालतात, आणि ती मराठीही बोलते. सहकाराच्या गप्पा मारणाऱ्या कृष्णाकाठच्या पुढाऱ्यांनी या सहकाराकडेही एकवार पाहावे.

परंतु हा वाचक पडद्यामागे जे लिहून ठेवलेले असेल तेच वाचतो. अर्जातील चौकटीला ‘आडनाव’ असे नाव मागे दिलेले नसेल, तर तो नुसते ‘चौकट, रिकामी’ एवढेच सांगतो. बटणाला नाव नसेल तर नुसते ‘बटण’. चित्राखाली त्याचे शब्दांत वर्णन दिले नसेल तर ‘चित्र’. जन्मतारीख निवडण्यासाठी दिनदर्शिका उघडत असेल आणि तिच्यातील तारखेवर माऊसनेच टिचकी मारावी लागत असेल, तर अर्ज तेथेच थांबतो. ठरावीक मिनिटांत अर्ज पुरा झाला नाही तर पान आपोआप बंद होते. ज्याचा हात कापतो, किंवा जो एका बोटाने टंकतो, त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. बहिऱ्यांसाठी चित्रफितीखाली अक्षरे नसतात, आणि मदत हवी असल्यास एक दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो! मतिमंद किंवा कमी शिकलेल्या माणसापुढे ‘उपरोक्त विषयान्वये’ने सुरू होणारी मराठी असते, ती मराठी तर पदवीधरालाही अगम्य आहे. भाषा सुबोध केली तर तिचा लाभ अपंगांपुरता राहणार नाही, हे उघड आहे. यांतील बहुतेक दोष दूर करायला नवे यंत्र लागत नाही. अर्ज रचणाऱ्याने चौकटीला नाव द्यायचे असते, इतकेच.

मराठीच्या बाबतीत आणखी एक खास अडचण आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सरकारी आदेश किंवा लाभार्थ्यांची यादी संगणकावरच टंकली जाते. मग तिची छापील प्रत निघते, तिच्यावर सही होते, शिक्का बसतो. आणि ती प्रत स्कॅन करून तिचे चित्र संकेतस्थळावर चढवले जाते. तासाभरापूर्वी ज्या मजकुराचे प्रत्येक अक्षर संगणकाला समजत होते, त्याचे आता एक मुके छायाचित्र झालेले असते. डोळसाला फरक जाणवत नाही. अंधाच्या दृष्टीने ते पान कोरे असते. डिजिटल सहीला कायद्याची मान्यता २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमानेच मिळालेली आहे. तरीही शाईच्या सहीचा आणि गोल शिक्क्याचा मोह सुटत नाही. जेथे पान चित्ररूप नसते तेथे दुसरे संकट असते. मजकूर जुन्या धाटणीच्या ‘कृतिदेव’ किंवा ‘शिवाजी’ अशा टंकांत असेल, तर संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच. रोमन अक्षरांवर चढवलेले ते मराठी मुखवटे असतात. वाचक प्रणाली त्या मुखवट्यांमागची रोमन अक्षरे वाचू लागते आणि ऐकणाऱ्याच्या कानी अर्थहीन आवाज पडतात. युनिकोडमध्ये टंकलेल्या मजकुराचीही पीडीएफ करताना काळजी घेतली नाही तर ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात, जोडाक्षरे तुटतात. मराठी भाषेला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. अंध मराठी माणसाला सरकारी मराठी ऐकू येईल अशी लिहिण्याचे काम त्या मानाने किरकोळ आहे, आणि ते झालेले नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे पाहिली तर याचे मर्म कळते. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातील एका संस्थेने, तयार केलेल्या सामाईक साच्यावर उभी आहेत. त्या साच्याच्या अधिकृत नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे. अक्षर लहानमोठे करण्याची, रंगांचा विरोध वाढवण्याची, थेट मुख्य मजकुरावर जाण्याची सोय त्यात आहे. एका सार्वजनिक संस्थेने एकदा काम नीट केले आणि देशातील शेकडो जिल्ह्यांना ते आयते मिळाले. सार्वजनिक क्षेत्राला उठताबसता नावे ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण नोंदवून ठेवावे. तथापि साचा म्हणजे घराच्या चार भिंती. आतले सामान कचेऱ्या भरतात, आणि सामान म्हणजे त्या स्कॅन केलेल्या नोटिसा, निविदा, भरतीच्या जाहिराती आणि याद्या. शिवाय नागरिकाचे खरे काम जिल्ह्याच्या संकेतस्थळावर होतच नाही. दाखला, अनुदान, शिष्यवृत्ती, जमिनीचा उतारा, घरपट्टी यांसाठी तो राज्याच्या, केंद्राच्या किंवा पालिकेच्या निरनिराळ्या पोर्टलांवर जातो. ती कोणी ना कोणी ठेकेदाराने किंवा महामंडळाने वेगवेगळ्या वेळी बांधलेली असतात. दारात रॅम्प आणि आत प्रत्येक खोलीला दोन फुटांचा उंबरठा, अशी ही वास्तू आहे. अक्षर मोठे करण्याच्या बटणांचे कौतुकही बेताचेच असावे. ज्याला मुळीच दिसत नाही त्याला मोठ्या अक्षराचा उपयोग नाही. ज्याला थोडे दिसते त्याच्या मोबाइलमध्ये ती सोय आधीच असते. ही बटणे पाहुण्यांना दाखवायला बरी.

मग अपंग माणूस काय करतो? तो जे पूर्वी करीत होता तेच करतो. तो मध्यस्थाकडे जातो. पूर्वी तहसील कचेरीबाहेर टंकलेखन यंत्र घेऊन बसलेला अर्जनवीस असे. आज सेतू केंद्र किंवा तालुक्याच्या बाजारपेठेतले झेरॉक्सचे दुकान आहे. या दुकानदारांना सरसकट लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांतील कित्येक जण ओळखीच्या अपंगाचे काम पैसे न घेताही करून देतात. परंतु व्यवहाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. अर्जदाराचा आधार क्रमांक, बँकेचे खाते, संकेतशब्द आणि मोबाइलवर आलेला ओटीपी, हे सारे दुसऱ्याच्या हाती जाते. अर्जात अर्जदाराच्या जागी मध्यस्थाचाच मोबाइल क्रमांक भरण्याची पद्धत सर्रास आहे. त्यामुळे अर्ज नामंजूर झाला, कागद अपुरा ठरला किंवा तपासणीची तारीख मिळाली, तरी तो निरोप दुकानदाराच्या मोबाइलवर जाऊन पडतो. अर्जदार महिनोन् महिने ‘सरकारने काही कळवले नाही’ असे सांगत बसतो आणि कचेरी ‘आम्ही कळवले आहे’ असे सांगते. दोघेही खरे बोलत असतात. अपंग स्त्रीला तर आपला आजार, आपले उत्पन्न, नवऱ्याने टाकल्याची हकीकत, हे सारे भर बाजारात, रांगेतल्या चार माणसांच्या देखत सांगावे लागते. गुप्ततेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मूलभूत ठरवला. त्याची एक कसोटी या दुकानाच्या बाकावर लागत असते.

मध्यस्थाला बाजूला सारून राज्यव्यवहार लोकांच्या दाराशी, त्यांच्या भाषेत आणायचा, हा विचार या दोन जिल्ह्यांना परका नाही. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावात बसत. फिर्यादीला वकील, कारकून आणि शिरस्तेदार यांची साखळी ओलांडावी लागत नसे. तोंडी गाऱ्हाणे मांडले की काम सुरू होई. त्या चळवळीच्या पद्धतींविषयी मतभेद असू शकतात, पण सत्ता सामान्य माणसाच्या आवाक्यात असली पाहिजे हा तिचा आग्रह निर्विवाद होता. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे. त्याच नावाच्या रुग्णालयात अपंगत्वाच्या तपासणीला यायचे तर आधी ज्या पोर्टलमधून वाट काढावी लागते ते पोर्टल तोंडी गाऱ्हाणे ऐकत नाही.

कायद्याची उणीव आहे असे मात्र कोणी म्हणू नये. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याच्या नवव्या अनुच्छेदात माहिती आणि संपर्काची साधने सुगम करण्याचे बंधन आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. ती २०१८ आणि २०२३ मध्ये सुधारली गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याचे कलम ४२ सांगते की, इलेक्ट्रॉनिक माध्यमातील सर्व मजकूर सुगम स्वरूपात असावा. कलम ४६ नुसार नियम जाहीर झाल्यापासून दोन वर्षांत सरकारी आणि खाजगी अशा सर्व सेवा त्याप्रमाणे बदलायला हव्या होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. म्हणजे मुदत २०१९ च्या जूनमध्येच संपली. कायदा मोडला तर पहिल्या खेपेला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या काळात सरकारने एक काम मात्र तत्परतेने केले. ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने या विषयाचा स्वतंत्र विभागही स्थापन केला, आणि असे करणारे ते पहिले राज्य असल्याचा दावा मंत्र्यांच्या भाषणांत होत असतो.

न्यायालयांनीही आपले काम केले आहे. एका दृष्टिहीन नागरिकाने २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की, सुगमतेचे मानदंड केवळ शिफारशीवजा ठेवणारा २०१७ चा पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. मानदंड बंधनकारक असले पाहिजेत, आणि तसे नियम सरकारने तीन महिन्यांत करावेत. याचिका आणि निकाल यांत एकोणीस वर्षांचे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले. ते प्रकरण बँका आणि दूरध्वनी कंपन्यांच्या ओळख पडताळणीचे होते. पडताळणीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असा यंत्राचा हुकूम असे. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे चेहरे आणि डोळे भाजले होते त्यांना तो पाळणे शक्य नव्हते. यंत्राच्या हिशेबी त्या जिवंत नव्हत्या. न्यायालयाने वीस निर्देश दिले. त्यांतला एक असा की, संकेतस्थळ किंवा ॲप बनवताना, ते वापरून पाहण्याच्या टप्प्यावरच, अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे.

या एका निर्देशाकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण रोगाचे मूळ तेथे आहे. कायदा मुंबई-दिल्लीत असतो. संकेतस्थळ मात्र निविदेतून जन्माला येते. महानगरपालिका, जिल्हा परिषद, एखादे मंडळ निविदा काढते. तिच्यात किती पाने, कोणते रंग, कोणत्या मान्यवरांचे छायाचित्र कोठे, याचा तपशील असतो. सुगमतेविषयी असलेच तर ‘शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार’ असे एक वाक्य असते. काम झाले की ठेकेदार एक प्रमाणपत्र जोडतो, अधिकारी सही करतो, देयक निघते. या सबंध प्रवासात ज्याच्यासाठी ते वाक्य लिहिले त्या अपंग माणसाला एकदाही बोलावलेले नसते. पूल बांधला तर त्याच्यावरून भार नेऊन पाहतात. शाळेची खोली बांधली तर निदान छत गळते का हे पहिल्या पावसात दिसते. संकेतस्थळाचे छत गळते आहे हे ज्याला कळू शकते तो कचेरीबाहेर असतो. ही बेफिकिरी कोणा एका पक्षाच्या राजवटीची नाही. ठेका आणि देयक यांच्या पलीकडे न पाहणाऱ्या साऱ्या कारभाराची आहे.

यावर दोन उत्तरे हमखास येतात. पहिले खर्चाचे. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकच्या वेळी ब्रूस मॅग्वायर या जन्मांध गृहस्थाने तक्रार केली होती की, स्पर्धेचे संकेतस्थळ त्यांना वाचता येत नाही. आयोजकांनी सांगितले, हे काम अफाट खर्चाचे आणि फार वेळ घेणारे आहे. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने तो दावा अतिशयोक्त ठरवला आणि अखेर वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. त्याला पाव शतक झाले. खर्च होतो हे खरे, पण तो आधी चुकीचे बांधून नंतर फोडण्याचा असतो. बांधतानाच विचार केला तर तो नजरेत भरत नाही. दुसरे उत्तर असे की, किती अंध लोक संकेतस्थळ वापरतात? ज्या विहिरीवर दलितांना पाणी भरू दिले जात नसे त्या विहिरीवर किती दलित येतात, अशी मोजणी करून तिचे दार खुले करायचे की नाही हे कोणी ठरवले असते काय? आणि संख्याच हवी असेल तर २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अपंगांची संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. त्या वेळी सातारा जिल्ह्याची सबंध लोकसंख्या ३० लाखांच्या घरात होती. म्हणजे एका अख्ख्या सातारा जिल्ह्याएवढी प्रजा! त्यानंतर मोजणीच झालेली नाही, आणि २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आहेत. आजचा आकडा त्याहून मोठाच असणार. त्यात म्हातारपणी दृष्टी अधू झालेले, ऊसतोडणीत किंवा यंत्रावर बोटे गमावलेले पण दाखला कधीच न काढलेले लोक नाहीत.

तेव्हा मागणी नेमकी असावी. ‘संकेतस्थळे दिव्यांगस्नेही करा’ असे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देऊन छायाचित्र छापून आणणे सोपे आहे, आणि त्याचा परिणामही तेवढाच होतो. मागणी अशी हवी की, सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेपासून लहान नगरपंचायतीपर्यंत कोणत्याही संस्थेने संकेतस्थळाचे देयक देण्यापूर्वी निदान तीन-चार अपंग नागरिकांना, त्यांतला एक पूर्ण अंध आणि एक बहिरा, बसवून त्यांच्याकडून खरा अर्ज भरून घ्यावा. अर्ज पुरा झाला तर देयक, नाही तर दुरुस्ती. या कामाचे त्यांना मानधन द्यावे. उपकाराखातर दिलेला वेळ म्हणून ते फुकट घेऊ नये. निविदा आणि करार माहितीच्या अधिकारात मिळतात. सुगमतेचे वाक्य त्यांत आहे का आणि त्याची तपासणी कोणी केली, हे विचारता येते. अधिनियमाच्या कलम ७२ प्रमाणे जिल्हास्तरीय समिती असावयाची आहे. तिच्या बैठका होतात का आणि त्यांत हा विषय कधी आला होता का, हेही विचारता येते. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार नेता येते, आणि चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्याने राज्य आयुक्तांना दिलेले आहेत.

काही गोष्टींसाठी तर कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा असा नियम आहे. हा पैसा कोठे जातो, हे ग्रामसभेत विचारले जावे. तो वर्षअखेरीस एखादी वस्तू वाटून संपवण्याऐवजी गावातील अंध मुलामुलींना मोबाइलमधील वाचक प्रणाली शिकवण्याकडे वळवता येईल. पक्षाच्या तालुका कचेरीत एक जुना संगणक आणि त्यात एनव्हीडीए एवढ्यावर वर्ग सुरू होऊ शकतो. आणि आधी एक घरचे काम. पक्षाची, कामगार संघटनांची, पुरोगामी म्हणवणाऱ्या पतसंस्था आणि शिक्षणसंस्थांची पत्रके, ठराव आणि परिपत्रके हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्यांतली बहुतेक कागदाची छायाचित्रेच असतात. अंध सभासदाला त्यांतले एक अक्षरही वाचता येत नाही, आणि तो सभेला का येत नाही याची चौकशी होते. पुढच्या सभेचे पत्रक टंकलेल्या मजकुराच्या रूपातच पाठवावे. छायाचित्र हवे तर सोबत जोडावे.